काचेवर डुलणारं काडतूस

वेंडेल: ...आणि क्लबच्या नाश्त्याला सगळी बाकं हसली म्हणून काय झालं? थट्टा होती रे. तुझं रिव्हॉल्व्हर म्हणजे उपाशी ठेवलेलं मांजर, तेलाचा थेंब बघितला की म्याव करतं, एवढंच म्हटलं मी. रागावला नाहीस ना?

रसेल: रागावलो असतो तर आलो नसतो.

वेंडेल: बस मग. त्या खुर्चीवरचं सामान खाली ठेव. हीटर जवळ ओढ, या गॅरेजात सप्टेंबरपासूनच हाडं गोठतात. ओपल कॉफी घेऊन येईलच. काय काढलंस?

रसेल: हा डबा परत द्यायचा होता.

वेंडेल: हा माझाच की. चव्वेचाळीसच्या मापाची काडतुसं, मीच भरून दिलेली. परत कशाला करतोस? माझं काडतूस आजवर कुणी परत केलेलं नाही.

रसेल: त्यातली पर्ल गेली त्या दिवशी रिव्हॉल्व्हरमध्ये होती. उरलेली तशीच आहेत.

वेंडेल: हं. पर्लचं मलाही वाईट वाटलं, खरंच. तुझ्या सगळ्या खेचरांत तीच एक अक्कल असलेली. पण रसेल, रिव्हॉल्व्हर अडकतं ते मळाने. चक्राच्या मागे काजळी साचते आणि ते फिरत नाही. क्लबात मी हसत बोललो, पण बोललो ते खरं होतं.

रसेल: रिव्हॉल्व्हर स्वच्छ होतं.

वेंडेल: तुला वाटतं.

रसेल: आदल्या संध्याकाळी स्वच्छ केलं होतं. त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी तुला सांगितलेलंच नाही.

वेंडेल: क्लबात सांगायचंस की.

रसेल: तिथे तू बोलत होतास.

वेंडेल: बरं, आता गप्प बसतो. सांग.

रसेल: वरच्या खिंडीत, ओल्या दगडावरून तिचा पुढचा पाय घसरला. हाड बाहेर आलं. मी पाठीवरचं ओझं कापून टाकलं, तर तिला वाटलं, आता उठायचं. उठायला बघायची आणि पडायची. मी रिव्हॉल्व्हर काढलं, टेकवलं, चाप ओढला. नुसतं टक् झालं.

वेंडेल: आणि?

रसेल: परत ओढायला गेलो तर चक्र फिरेना. अंगठ्याने फिरवलं, दोन्ही हातांनी फिरवलं. उघडायला गेलो तर उघडेना. दगडावर आपटलं शेवटी.

वेंडेल: रायफल नव्हती बरोबर?

रसेल: खाली तंबूत होती. गेलो आणि घेऊन आलो. चढ आहे तो, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी परत आलो तेव्हाही ती उठायचाच प्रयत्न करत होती. मला बघून कान हलवले तिने. बरं झालं आलास, म्हटल्यासारखे.

वेंडेल: हे मला माहीत नव्हतं, रसेल.

रसेल: म्हणून सांगितलं.

ओपल: दार उघडा कुणीतरी, माझे दोन्ही हात अडकलेत. हां. रसेल, हा कप तुझा, कपाचा कान धरूनच उचल, आत्ताच उकळलीय. हकलबेरीची गोड पाई आहे, शेवटचे दोन तुकडे, भांडू नका. चेहरे का असे? कोण गेलं?

वेंडेल: कुणी नाही. पर्लचं बोलत होतो.

ओपल: बिचारी. मार्नी सांगत होती मला. रसेल, तुझी मुलगी रडत नाही कधी, पण त्या दिवशी तिचा आवाज फोनवर कसातरीच होता.

वेंडेल: हा म्हणतोय की रिव्हॉल्व्हरमध्ये खोट नव्हती. म्हणजे मग खोट माझ्या काडतुसात. सरळ बोल की, रसेल. आपण इतकी वर्षं शेजारी आहोत, तुला घास गिळताना मान वाकडी करायची सवय आहे तसंच तुझं बोलणंही वाकडं.

रसेल: मी काही बोललो नाही. तू बोललास.

वेंडेल: तर ऐक. पुंगळीच्या बुडात प्रायमर बसवताना मी मशीन वापरत नाही. हे हातातलं साधं औजार. मूठ आवळायची, प्रायमर आत सरकतो आणि तळाला टेकला की मुठीला कळतं. आणि एवढ्यावर मी थांबत नाही. प्रत्येकाच्या बुडावरून बोट फिरवतो. ठिणगी पाडणारा टिकलीएवढा तो प्रायमर केसभर जरी वर राहिला तरी बोट सांगतं. वर राहिला तर काय होतं, सांग?

रसेल: मागच्या पोलादाला घासतो. चक्र अडकतं.

वेंडेल: आणि?

रसेल: आणि चाप ओढला की हातोडीचा सगळा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो. फुटत नाही. टक्.

वेंडेल: हे तुला शिकवलं कुणी?

रसेल: तू.

वेंडेल: मार्नीला?

रसेल: तूच. या खोऱ्यात जो कुणी घरी काडतुसं भरतो तो तुझ्याच टेबलावर शिकलाय. म्हणून तर मला येववत नव्हतं.

ओपल: वेंडेल, कप खाली ठेव.

वेंडेल: का?

रसेल: तू कपाचा कान धरलेला नाहीस. कपच धरलायस, मुठीत. मला या कपाला बोट लावता येत नाहीये.

वेंडेल: माझे हात कामाचे आहेत. तुझ्यासारखे पाद्र्याचे नाहीत.

रसेल: त्या खिडकीच्या काचेचा एक तुकडा दे जरा. तो, कोपऱ्यातला.

वेंडेल: कशाला?

रसेल: सपाट आहे म्हणून. आता हे काडतूस बुडावर उभं करतो. हे बघ. सरळ उभं राहिलं. हे दुसरं. हेही राहिलं. आता हे.

ओपल: हे डुलतंय.

वेंडेल: टेबल हलतंय. हीटरच्या पंख्याने हलतं ते.

रसेल: पंखा बंद कर, ओपल. हं. बघ.

ओपल: अजून डुलतंय, वेंडेल.

वेंडेल: एखादं असतं. शेकड्यात एखादं...

रसेल: हे पण. आणि हे. हे बघ, हे तर उभंच राहत नाही.

वेंडेल: आण इकडे. बोट फिरवून सांगतो. हं. सपाट आहे. मला सपाट लागतंय, रसेल.

रसेल: मलाही बोट लावू दे. हां. मला उंचवटा लागतोय, आता डोळ्यांनी बघ. उजेडात धर.

वेंडेल: चष्मा कुठे आहे माझा?

ओपल: डोक्यावर.

वेंडेल: (चष्मा खाली ओढून काडतुसाचं बूड उजेडात धरतो.) हं.

रसेल: दिसलं?

वेंडेल: आण सगळी. दे तो डबा. मिनिटाचं काम आहे. औजारात घालून थोडं दाबलं की जागेवर बसतील, काही बिघडलेलं नाही, नुसतं हलकेच एकदा...

रसेल: वेंडेल. हात काढ.

वेंडेल: हलकेच म्हटलं मी.

रसेल: पावडर आहे त्यात. वर शिसं बसवलंय. भरलेलं काडतूस आहे ते.

वेंडेल: मला शिकवू नकोस.

रसेल: तूच शिकवलंस. पहिल्या दिवशी या खुर्चीत बसवून. एकदा भरलं की प्रायमरला पुन्हा दाबायचं नाही, सगळं उकलून सुटं करायचं. मी नुसता हात पुढे केला तर मनगटावर फटका मारला होतास तू. खाली ठेव ते.

(वेंडेल औजार टेबलावर ठेवतो.)

ओपल: सांग त्याला.

वेंडेल: काय सांगायचंय?

ओपल: तू सांग, नाहीतर मी सांगते. मी सांगितलं तर तुला जास्त लागेल.

वेंडेल: थंडीने होतं, रसेल. बोटं जरा जड होतात.

ओपल: जुलैतही थंडी होती का?

वेंडेल: ओपल.

ओपल: जुलैत तव्याला अंगठा चिकटला याचा. मला वासावरून कळलं. हा आपला रेडिओवरच्या गाण्यावर मान हलवतोय. चामडी जळल्याचा वास येतोय आणि हा मान हलवतोय.

रसेल: अच्छा.

वेंडेल: साखरेने होतं असं. नसा मरतात म्हणे. डॉक्टर पोरगाच आहे, मला वाटलं, याला काय कळतंय. टाचणी घेऊन बोटांना टोचत होता आणि विचारत होता, आता? आता? मी म्हटलं, तू टोचायला सुरुवात कर, मग सांगतो. त्याचं टोचून झालं होतं.

रसेल: हे केव्हाचं?

वेंडेल: मागच्या हिवाळ्यातलं.

रसेल: हा डबा तू मला या उन्हाळ्यात दिलास.

वेंडेल: हो.

रसेल: सगळ्यांनाच दिलेस.

वेंडेल: दर वर्षी देतो. या वर्षी दिले नसते तर लोकांनी विचारलं असतं, का नाही.

ओपल: आणि शर्टांचं सांग.

वेंडेल: शर्टांचं काय सांगायचंय आता? पुरे कर की.

रसेल: मी पाहिलंय. वर्षभर टिचबटणांचे शर्ट घालतोयस. मला वाटलं, म्हातारपणी रोडिओतल्या काउबॉयसारखं नटायचं वेड लागलं.

ओपल: साधं बटण लागत नाही त्याला. सकाळी मी लावून द्यायचे, तर एक दिवस सगळे शर्ट कपाटामागे टाकले आणि म्हणाला, बटणांची फॅशन गेली.

वेंडेल: मला वाटलं, बोटं गेली तरी हात जाणार नाही. इतकी वर्षं तेच काम. मूठ आवळायची, बोट फिरवायचं, डब्यात ठेवायचं. बोटाला काही लागत नव्हतं, आणि काही लागलं नाही म्हणजे सपाट आहे, हेच तर शिकलो होतो. मी दर वेळी बोट फिरवलं, रसेल. एकही सोडलं नाही. तेवढं तरी खरं मान.

रसेल: मानतो.

वेंडेल: क्लबात मी ते मांजराचं बोललो, तेव्हा तुला ठाऊक होतं हे?

रसेल: आदल्या रात्रीच स्वयंपाकघरातल्या काचेवर उभी करून पाहिली होती.

वेंडेल: आणि तू पॅनकेक खात बसलास.

रसेल: गार होत होते.

वेंडेल: एक शब्द बोलायचास. सगळे माझ्याबरोबर हसत होते, तुझ्या तोंडावर. मी बाक वाजवून दाखवला, असं म्याव करतं म्हणून. तू एक शब्द बोलला असतास तर मी गप्प झालो असतो.

रसेल: तू गप्प झाला असतास, मग सगळे तुझ्याकडे बघत बसले असते. मला ते बघायचं नव्हतं.

वेंडेल: यापेक्षा तू मला थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

रसेल: गुडघ्यांसारखाच खांदाही गेलाय माझा.

ओपल: हसवू नकोस त्याला, रसेल. हसू आलं की तो निसटतो.

वेंडेल: नाही निसटत. कुठे निसटू? ते जनावर खिंडीत पडल्या पडल्या उठायला बघत होतं आणि मी इथे पाई खात होतो. लाज वाटते रे मला. तुझ्याकडे बघवत नाहीये.

रसेल: मग काचेकडे बघ. पर्लचं होऊन गेलं. मी मार्नीसाठी आलोय.

वेंडेल: मार्नीला काय झालं?

रसेल: आज जेवण झालं की खेचरं घेऊन वर निघतेय, मेंढपाळांच्या तळावर. बटाटे, मीठ, कुत्र्यांचं खाणं. तिकडे गेल्या आठवड्यात पिल्लं घेऊन फिरणारी अस्वलीण दिसलीय. मार्नीच्या कमरेला तिचं रिव्हॉल्व्हर असतं. आणि त्यात तुझी काडतुसं.

ओपल: देवा. तू सांगितलं नाहीस तिला?

रसेल: सांगितलं. म्हणाली, "बाबा, वेंडेलच्या काडतुसांना काही होत नाही. तुम्ही मांजराला तेल पाजा."

वेंडेल: तीही होती त्या दिवशी.

रसेल: सगळ्यात मोठ्याने तीच हसली. दुकानातून नवा डबा आणून दिला, तोही तिने घरी बाजूला ठेवून दिला. म्हणाली, "वेंडेलला कळलं तर वाईट वाटेल." माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल.

वेंडेल: ओपल, फोन लाव. माझ्याच्याने ती बटणं दाबली जात नाहीत. थांब. असं म्हटलं तर? प्रायमरांचा तो डबा खराब निघाला, असं म्हटलं तर? कारखान्यातूनच केसभर मोठे आले. होतं असं कधी कधी.

ओपल: तुला जे म्हणायचंय ते म्हण. आधी ती काडतुसं तिच्या कमरेवरून उतरू देत.

रसेल: म्हण. मी कुणाला सांगणार नाही.

वेंडेल: तू नाही सांगणार, ते मला ठाऊक आहे. तेच तर... लागला का?

ओपल: वाजतोय. घे. दोन्ही हातांनी धर.

वेंडेल: मार्नी? वेंडेल बोलतोय. निघाली नाहीस ना अजून? बरं. ऐक, मी दिलेली चव्वेचाळीसची काडतुसं नेऊ नकोस. तुझ्या बापाने आणलाय तो दुकानातला डबा ने. नाही, त्याने मला काही पढवलेलं नाही. मीच म्हणतोय. प्रायमर नीट बसलेले नाहीत. कारण काय... कारण तो प्रायमरांचा माल खराब होता. हो. नाही, मापातच चूक. हो, हार्लनच्याच दुकानातून घेतले. काय? नाही, नाही, त्याला कशाला फोन करतेस? सगळ्यांना सांगतेस म्हणजे? हार्लनने जाणूनबुजून काही... मार्नी, थांब. जरा ऐकून घे. त्याच्याकडून घेऊ नका, असं कुणाला सांगू नकोस. थांब म्हटलं ना, पोरी.

ओपल: पाणी देऊ?

वेंडेल: नको. मार्नी, हार्लनचा माल चांगला होता. खोटं बोललो मी आत्ता. प्रायमर चांगले होते, पुंगळ्या चांगल्या होत्या. बसवले मी, ते वर राहिले. माझ्या बोटांना काही लागत नाही. सुन्न आहेत. हो, सगळीच. नाही, दुखत नाहीत, दुखली असती तर बरं झालं असतं. हिवाळ्यापासून. हो, मला ठाऊक होतं. ठाऊक असून भरली आणि ठाऊक असून तुला दिली. आणि पर्लच्या वेळी जे अडकलं ते तुझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर नव्हतं, माझं काडतूस होतं. ते मांजराचं मी बोललो ना, ते... ते बोललो तेव्हा त्याला ठाऊक होतं. तो ऐकून घेत होता. मार्नी? आहेस ना?

रसेल: काय म्हणतेय?

वेंडेल: थांब. हं. हो, आहे मी. हो. हो, बरोबर आहे तुझं. नाही, बोल तू, बोलायलाच हवं. हो. तो इथेच आहे. सांगतो. ती काडतुसं उकलायला इथे ये तू, पण तोवर तशीच ठेव, दाबायला जाऊ नकोस. हो, मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे. आणि इथून पुढे बोटावर विसंबू नकोस. काचेवर उभं करायचं, डोळ्यांनी बघायचं. मी शिकवलं ते अर्धंच होतं. जप. वर शिट्टी वाजवत जा, अस्वलीण लांब राहील. बंद कर, ओपल.

ओपल: काय म्हणाली?

वेंडेल: म्हणाली, पर्ल तिच्या हातचा चारा खायची. तिने तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. एवढंच म्हणाली. बराच वेळ एवढंच म्हणत होती.

रसेल: डबा?

वेंडेल: दुकानातला नेतेय. रिव्हॉल्व्हर रिकामं करून ठेवलं म्हणाली, माझ्याशी बोलता बोलताच. मी आवाज ऐकला. आणि तुला सांगायला सांगितलंय की, ती हसली त्याचं तिला वाईट वाटतंय. घरी येऊन सांगेल.

रसेल: बरं.

वेंडेल: किती लोकांकडे असतील आता माझे डबे? क्लबातल्या लॉइडकडे आहेत. खोऱ्यातल्या त्या दोघा भावांकडे. हार्लनकडेसुद्धा आहे, बघ, ज्याला मी आत्ता चोर ठरवत होतो.

ओपल: एकेक नंबर लावून देते मी. तू बोल.

वेंडेल: या वेळेला सगळे कुठे असतात, रसेल?

रसेल: मेव्हिसच्या कॅफेत. दालचिनीचे रोल संपेपर्यंत हलत नाहीत.

वेंडेल: तीच माणसं ना, क्लबातली?

रसेल: तीच. पण फोनवर सांगितलंस तरी चालेल. डबे परत आले की झालं. तिथे जायची गरज नाही.

वेंडेल: गरज तुला नसेल, मला आहे. तुझा ट्रक पुढे उभा आहे ना? मला घेऊन चल. गाडीची किल्लीही हल्ली ओपलच फिरवते. हे तुला माहीत नसेल.

रसेल: माहीत नव्हतं.

वेंडेल: ती काच घे बरोबर. आणि हे डुलणारं, हे उकलल्याशिवाय नेऊ नकोस. नाही, असं कर, नुसती काच घे. लॉइडच्या खिशात माझीच काडतुसं असतील. त्याच्यासमोरच उभी करू.

ओपल: जॅकेट घाल. बाहेर वारा आहे.

वेंडेल: आधी शर्ट बदलतो.

ओपल: आहे तो चांगला आहे की. टिचबटणांचा, स्वच्छ धुतलेला.

वेंडेल: तो नको. तू कपाटामागून काढून धुऊन ठेवलेस ना ते जुने? मी पाहिलेत, खणात आहेत. त्यातला निळा आण. बटणांचा.

ओपल: बरं. आत चल, बेडरूममध्ये लावून देते.

रसेल: मी ट्रकमध्ये थांबतो.

वेंडेल: नको, बस तू. कॉफी संपव. ओपल, शर्ट इकडेच आण, याच्यासमोरच बटणं लाव.